चिपाडातील झायलन आणि वाहकाचा प्रश्न

ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील उसाच्या रसाची चर्चा उदंड. चिपाडातील झायलन मात्र उपेक्षितच. हे द्रव्य गॉल्जी पिंडात घडते. त्यास लागणारे यूडीपी-झायलोज पेशीद्रवात, तसेच खुद्द गॉल्जीच्या पोकळीतही तयार होते; मग वाहक प्रथिन हवे कशाला, हा आक्षेप सकृद्दर्शनी सबळ भासतो. परंतु अरॅबिडॉप्सिसमध्ये यूएक्सटी-१ हा वाहक नसता खोडाच्या भित्तिकेतील झायलोज सुमारे ३० टक्के घटते, असे २०१५ साली आढळले. २०१६ मधील प्रयोग अधिक निर्णायक : पेशीद्रवातील विकरे निकामी होताच झायलन खालावले, गॉल्जीतील निकामी करूनही विशेष बिघडले नाही. आक्षेप तेथेच ढळतो. तथापि हा निष्कर्ष उसावर जसाच्या तसा लादणे उतावळेपणाचे होय. तृणकुलातील झायलनास अरॅबिनोजची जोड विपुल असते. शिवाय ऊस बहुगुणित, एकेका जनुकाच्या अनेक प्रती बाळगणारा.