वॉरहॉलची जास्वंद

अँडी वॉरहॉलच्या ‘फ्लॉवर्स’ (१९७०) या १० स्क्रीनप्रिंटांच्या संचातली फुले जास्वंदीची आहेत, हे चटकन ध्यानात येत नाही. मूळ छायाचित्र पॅट्रिशिया कॉलफिल्ड यांचे, १९६४ साली ‘मॉडर्न फोटोग्राफी’ मासिकात छापलेले. त्यातली चारच फुले वॉरहॉलने घेतली, पाकळ्यांचे बारकावे पुसले आणि तिथे सपाट, भडक रंग भरले. फुलाची ओळख हरवते, पण रंग मोकळा होतो. मागचे गवत तेवढे मातीची आठवण ठेवते. हे या मुद्राचित्रांचे खरे यश. मात्र आपल्या छायाचित्रासाठी कॉलफिल्ड यांना १९६६ साली न्यायालयात जावे लागले. या चित्रांना ‘निसर्गावरून स्फुरलेली’ म्हणताना फूल आणि चित्र यांच्यामधली ही छायाचित्रकार वगळली, तर आपले रसग्रहण अपुरेच राहते.