अन्न, वेतन आणि इतिहासकार : गॉथांविषयीच्या दोन लॅटिन ग्रंथांची चिकित्सा

पश्चिम रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची मीमांसा करताना गॉथांचा उल्लेख बहुधा 'आक्रमक' या एकाच विशेषणाने केला जातो. इ. स. ३७६ मध्ये त्यांनी डॅन्यूब ओलांडली, ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर सम्राट व्हॅलेन्सचा बळी घेतला आणि ४१० मध्ये खुद्द रोम लुटले, या तीन घटनांची साखळी जोडली की चित्र पुरे होते. हे चित्र प्रामुख्याने दोन ग्रंथांवर उभे आहे : अ‍ॅमिएनस मार्सेलिनसच्या इतिहासाचे एकतिसावे व अखेरचे पुस्तक, आणि सहाव्या शतकातील जॉर्डेनीझचा 'गेटिका'. दोन्ही ग्रंथ घटनांच्या शोधासाठी पुष्कळ वाचले गेले आहेत. परंतु त्यांतील कथनकाराचा स्वर कोठे बदलतो आणि का बदलतो, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. गॉथांनी लिहिलेला गॉथांचा स्वतंत्र इतिहास उपलब्ध नाही. त्यामुळे स्वराची ही परीक्षा टाळणे म्हणजे एका पक्षाची कैफियत हाच निवाडा मानणे होय.

अ‍ॅमिएनस हा जन्माने ग्रीक व पेशाने सैनिक. ग्रंथसमाप्तीच्या वेळी तो स्वतःची ओळख याच दोन शब्दांत करून देतो. सम्राट नेर्व्हापासून व्हॅलेन्सच्या मृत्यूपर्यंतचा काळ त्याने एकतीस पुस्तकांत मांडला. त्यांपैकी पहिली तेरा नष्ट झाली. गिबनने त्याला विश्वासू मार्गदर्शक मानले, आणि हा अभिप्राय सर्वसाधारणपणे योग्यच आहे. मात्र एकतिसाव्या पुस्तकात दोन अ‍ॅमिएनस भेटतात. हूणांचे वर्णन करणारा पहिला अ‍ॅमिएनस पाहणारा नव्हे, तर ऐकणारा आणि वाचणारा आहे. हे लोक अन्न शिजवीत नाहीत, कच्चे मांस मांडी व घोड्याची पाठ यांमध्ये दाबून ऊब आल्यावर खातात, घोड्यावरून उतरतच नाहीत, हा सारा तपशील जुन्या ग्रंथकारांनी दूरस्थ भटक्या जमातींविषयी रूढ केलेल्या वर्णनपरंपरेत बसणारा आहे. त्याने हूण प्रत्यक्ष पाहिले होते, असे त्या वर्णनावरून वाटत नाही. दुसरा अ‍ॅमिएनस फौजेच्या कारभाराचा जाणकार आहे. रसद कोठे अडली आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय खाल्ले, हे त्याला अचूक दिसते. या दुसऱ्या लेखकाची साक्ष अधिक मोलाची आहे. आणि ती पहिल्याच्या निष्कर्षांना पदोपदी छेद देते.

त्याच साक्षीनुसार ३७६ मध्ये अलाव्हिव्हस व फ्रिटिगर्न यांच्या नेतृत्वाखाली तेर्व्हिंगी गॉथ डॅन्यूबच्या काठी आले ते चढाई करण्यासाठी नव्हे. त्यांनी वकील पाठवून आश्रय मागितला. व्हॅलेन्स तेव्हा अँटिऑक येथे होता. खुशमस्कऱ्या दरबाऱ्यांनी त्याचे अभिनंदन केले : दूरच्या प्रदेशातून इतके सैनिक आपणहून चालत येत आहेत, तेव्हा प्रांतांकडून दरवर्षी माणसे घेण्याऐवजी आता सोने घेता येईल. म्हणजे गॉथांना प्रवेश मिळाला तो दयेपोटी नव्हे आणि निव्वळ दुर्बलतेपोटीही नव्हे. त्यामागे जमाखर्चाचा हिशेब होता. साम्राज्याच्या सीमेवर अशा वसाहती पूर्वीही झाल्या होत्या. फरक पडला तो अंमलबजावणीत. होड्या, तराफे व पोखरलेले ओंडके यांवरून अहोरात्र माणसे उतरत राहिली; त्यांची गणती करण्यासाठी नेमलेल्यांनी अखेर हात टेकले.

पुढील प्रसंग प्रसिद्ध आहे. थ्रेसमधील सेनाधिकारी लुपिसिनस व मॅक्सिमस यांनी आश्रितांच्या उपासमारीचा बाजार मांडला. त्यांनी कुत्री जमविली आणि एकेका कुत्र्याच्या मोबदल्यात एकेक गुलाम घेतला. या गुलामांत नायकांची मुलेही होती. अ‍ॅमिएनस हे लाजिरवाणे कृत्य झाकून ठेवीत नाही, हा त्याचा मोठेपणा. पण त्याच पुस्तकातील तीन लहान नोंदी अधिक विचारात घेण्यासारख्या आहेत, आणि त्या सहसा मागे पडतात. पहिली नोंद सुएरिडस व कोलियस या गॉथ नायकांची. हे दोघे पूर्वीच साम्राज्याच्या आश्रयास आलेले होते, एड्रियानोपल येथे हिवाळी छावणीत होते आणि फ्रिटिगर्नच्या बंडाशी त्यांना कर्तव्य नव्हते. आशियाकडे कूच करण्याचा हुकूम येताच त्यांनी वाटखर्च, शिधा आणि दोन दिवसांची मुदत मागितली. नगराधिकाऱ्याच्या शहराबाहेरील मळ्याची लूट झाली होती, म्हणून तो आधीच संतापलेला. त्याने मागणी फेटाळली व शस्त्रांच्या कारखान्यातील कामगारांसह गावकऱ्यांना त्यांच्यावर घातले. त्यानंतर ते फ्रिटिगर्नला जाऊन मिळाले. दुसरी नोंद सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्यांची. करांच्या ओझ्याने पिचलेली ही माणसे गॉथांकडे गेली आणि त्यांनीच धान्याची गुप्त कोठारे दाखवून दिली. येथे 'रोमन' आणि 'रानटी' ही विभागणी अ‍ॅमिएनसच्याच हातून विस्कटते : कराने गांजलेला रोमन प्रजाजन व उपाशी गॉथ एकाच कोठाराकडे चालले आहेत. तिसरी नोंद युद्धाच्या आदल्या दिवसांतील आहे. फ्रिटिगर्नने एका ख्रिस्ती धर्मोपदेशकामार्फत निरोप धाडला की थ्रेस प्रांत त्यातील गुराढोरांसह व पिकांसह आपल्या लोकांना द्यावा, म्हणजे शांतता कायमची राहील. साम्राज्य बुडविण्यास निघालेल्या सेनापतीची ही भाषा नव्हे.

९ ऑगस्ट ३७८ रोजी जे झाले त्याचे वर्णन येथे विस्ताराने करण्याचे प्रयोजन नाही. सैन्याचा जेमतेम तिसरा हिस्सा वाचला, व्हॅलेन्सचे प्रेतही हाती लागले नाही, आणि अ‍ॅमिएनसला या पराभवाशी तुलना करण्यासाठी कॅनीखेरीज दुसरे युद्ध आठवले नाही. टीकाकाराने खरे थांबावयाचे ते याच्याही पुढे, ग्रंथाच्या अगदी शेवटच्या परिच्छेदापाशी. पूर्वी आश्रयास घेतलेले गॉथ पूर्वेकडील निरनिराळ्या शहरांत व छावण्यांत विखुरलेले होते. त्या प्रदेशाचा सेनापती ज्युलियस याने गुप्त पत्रे पाठवून ठरावीक दिवशी त्यांना वेतन मिळणार या आशेवर गावाबाहेर बोलाविले आणि सर्वांची कत्तल करविली. हा बेत अ‍ॅमिएनसला हितकर व तत्पर वाटतो. पत्रे ज्यांना गेली ते सारे अधिकारी रोमन होते, असे सांगून अलीकडे असे क्वचितच घडते, अशी पुस्तीही तो जोडतो. ज्या लेखकाने कुत्र्याच्या बदल्यात माणूस घेणाऱ्यांची निर्भर्त्सना केली, त्यालाच पगाराच्या आमिषाने केलेला विश्वासघात स्तुत्य वाटावा, ही विसंगती केवळ रागाची म्हणता येत नाही. त्याच्या दृष्टीने लुपिसिनसचा अपराध आश्रितांच्या छळाचा नाही. लोभापायी राज्याला संकटात टाकल्याचा आहे. आणि सेनानायकांविषयीची ती पुस्ती तर सगळी परिस्थितीच उघड करते. ज्या सैन्यात सर्व अधिकारी रोमन असणे हा योगायोग ठरला होता, त्या सैन्याला गॉथ 'बाहेरचे' राहिले नव्हते. अ‍ॅमिएनसला हे दिसते, पण त्याचा अर्थ लावणे त्याला नको आहे.

गॉथांच्या बाजूने याविषयी काही ऐकू येते काय? एक क्षीण आवाज येतो, आणि तो इतिहासग्रंथातून नव्हे. चौथ्या शतकात बिशप उल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत उतरविले. जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईने लिहिलेली त्याची प्रसिद्ध प्रत आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे. ल्यूकच्या शुभवर्तमानात शिपाई बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात की आम्ही काय करावे, आणि तो त्यांना आपल्या वेतनात समाधान मानण्यास सांगतो. गॉथिक भाषांतरात शिपाईगिरी करणे यासाठी 'मिलिटोन' व वेतनासाठी 'अन्नो' हे शब्द आहेत. दोन्ही लॅटिनमधून आलेले. त्यांतील दुसऱ्याचे मूळ 'अन्नोना' म्हणजे सैन्याला दिला जाणारा धान्याचा शिधा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. सम्राटासाठी असलेला 'कैसर' हा शब्दही तसाच उसना. ज्या जमातीच्या भाषेत चाकरी आणि पगार या कल्पना रोमच्या शब्दांनी व्यक्त होतात, तिचे रोमशी नाते एका दिवसाच्या स्वारीने सुरू झालेले नसते. हा शब्दनिष्ठ पुरावा थोडा असला तरी अ‍ॅमिएनसच्या अलंकारिक उताऱ्यांपेक्षा तो अधिक निःपक्षपाती आहे.

या दृष्टीने अलारिकचे राजकारणही निराळे दिसू लागते. ४०८ मध्ये रोमचा वेढा उठविण्यासाठी त्याने ५,००० पौंड सोने, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० किरमिजी कातडी आणि ३,००० पौंड मिरी घेतली. या यादीतील मिऱ्यांनी, मलबारच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे जाणाऱ्या त्या मालाने, वाचकांचे लक्ष नेहमीच वेधून घेतले आहे. परंतु झोसिमसने नोंदविलेली पुढील वर्षीची मागणी अधिक बोलकी आहे. सोने नको, फक्त नोरिकमचा सीमावर्ती प्रदेश व सम्राटाला योग्य वाटेल तेवढे वार्षिक धान्य द्यावे, इतकेच तेव्हा अलारिक म्हणतो. रॅव्हेनाच्या दरबाराने तेही नाकारले, आणि २४ ऑगस्ट ४१० उजाडला. पुढे ४१६ मध्ये वालियाच्या गॉथांना ६,००,००० मापे धान्य देऊन चाकरीत घेतल्याची नोंद ऑलिम्पिओडोरसने केली आहे. आणि ४१८ मध्ये त्यांना अ‍ॅक्विटेनमध्ये वसविण्यात आले. जे दहा वर्षांपूर्वी अशक्य ठरविले होते तेच अखेर करावे लागले.

'गेटिका' हा ग्रंथ याच्या अगदी उलट टोकाचा. जॉर्डेनीझने तो ५५१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे लिहिला. तो स्वतः गॉथ वंशाचा असल्याचे सूचित करतो व त्यामुळे आपण पक्षपात केला असे कोणी मानू नये, अशी विनंतीही करतो. त्याचा आधार म्हणजे कॅसिओडोरसचा बारा खंडांतील, आता नष्ट झालेला, गॉथांचा इतिहास. हे खंड आपल्याला तीनच दिवस वाचावयास मिळाले व त्यातील शब्द नव्हे तर आशय आपण देत आहोत, असे तो प्रस्तावनेत सांगतो. कॅसिओडोरस हा रॅव्हेनाच्या गॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारातील रोमन. तेव्हा 'गॉथांचा इतिहास' म्हणून जे हाती येते ते रोमन मंत्र्याने रचलेले, आणि सम्राटाच्या राजधानीत संक्षेपिलेले आहे. गॉथांना प्राचीन गेटींशी एकरूप करून त्यांची परंपरा शतकानुशतके मागे नेण्यामागील हेतू उघड आहे : ज्यांनी राज्य करावयाचे त्यांना रोमच्या तोडीचे पूर्वज हवेत.

डॅन्यूबच्या प्रसंगात जॉर्डेनीझ अधिकाऱ्यांचा लोभ अ‍ॅमिएनसइतक्याच स्पष्टपणे सांगतो. एका पावासाठी गुलाम द्यावा लागल्याचा तपशील त्याचाच. मात्र ज्युलियसच्या कत्तलीविषयी तो मौन पाळतो. त्याऐवजी तो अथानारिकचे दृश्य रंगवितो. रोमन भूमीवर पाय न ठेवण्याची शपथ वाहिल्याचे सांगून ३६९ मध्ये नदीत नावेवर तह करणारा हा नायक जानेवारी ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला येतो, शहराचे वैभव पाहून थक्क होतो व सम्राटाला भूतलावरील देवच मानतो. दोन आठवड्यांत तो मरण पावतो. थिओडोसियस त्याचा थाटाने अंत्यविधी करतो आणि त्याचे सैन्य सम्राटाच्या चाकरीत राहते. अ‍ॅमिएनसने या अंत्यविधीचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. जॉर्डेनीझला त्याचे प्रयोजन मोठे आहे, कारण त्याला संघर्षाची परिणती विलीनीकरणात दाखवावयाची आहे. ग्रंथाचा शेवटही त्यानेच ठरतो : थिओडोरिकची नात मातासुंथा आणि जस्टिनियनचा चुलतभाऊ जर्मेनस यांचा विवाह, आणि पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला त्यांचा मुलगा. या शेवटाला राजकीय प्रचार म्हणावे की प्रेमकथेची चौकट, यावर वॉल्टर गॉफर्टच्या १९८८ मधील विवेचनानंतर विद्वानांत बराच वाद झाला. कोणताही पक्ष घेतला तरी एक गोष्ट उरते. ग्रंथातील कथा ५४० मध्ये विटिगिसच्या शरणागतीपाशी थांबते आणि विजेत्या जस्टिनियनचा गौरव करते. परंतु जॉर्डेनीझ लिहीत होता त्या वर्षी इटलीत तोतिलाच्या नेतृत्वाखाली गॉथ अद्याप लढत होते, आणि त्या लढ्याला 'गेटिका'त जागा मिळालेली नाही.