सायकलवरची 'फुकट' वीज

विज्ञान प्रदर्शनात एक प्रतिकृती हमखास असते. उलटी ठेवलेली सायकल, चाकाला टेकवलेला डायनॅमो, पेटलेला दिवा आणि अलीकडे त्याच्या जोडीला चार्ज होणारा मोबाइल. खाली पाटी : 'फुकट वीज'. देवळा आणि चांदवड यांच्यामधला भावडबारीचा घाट सामान लादलेल्या सायकलने संध्याकाळी चढल्यापासून या पाटीबद्दल आमचे मत फारसे चांगले राहिलेले नाही.

सपाट रस्त्यावर ताशी 15 कि.मी. वेगाने जाताना स्वाराला साधारण 50 वॅट शक्ती लावावी लागते. टायरला घासून फिरणारा डायनॅमो 3 वॅट वीज देण्यासाठी त्याच्या पायांकडून 7-8 वॅट तरी घेतो, म्हणजे श्रमाचा सातवा हिस्सा. प्रदर्शनात हे कळत नाही, कारण पेडल मारणारा मुलगा दर दोन मिनिटांनी बदलतो!

दुसरा आक्षेप स्पष्टीकरणावर. 'चाक जितके जोरात, तितका दिवा प्रखर' असे मुले घोकून सांगतात. घाटात ते खरे ठरते. वेग ताशी 6 कि.मी.वर येतो, दिवा मिणमिणतो आणि नेमक्या त्याच वेळी मागून कांद्याचे ट्रॅक्टर येत असतात. पण मग उतारावर ताशी 40 च्या वेगाने दिवा उडायला हवा. तो उडत नाही. असे का?

पाठ्यपुस्तकातल्या जनित्रात कुंडल फिरते. सायकलच्या डायनॅमोत चुंबक फिरतो, कुंडल स्थिर असते. मिळणारी धारा प्रत्यावर्ती असते. वेगाबरोबर विद्युतदाब वाढतो, तशीच वारंवारताही वाढते आणि स्वयंप्रवर्तनामुळे कुंडलाचा स्वतःचा विरोधही वाढतो. त्यामुळे धारा अर्ध्या अँपिअरच्या आसपासच अडकते. जुन्या सायकलस्वारांना याचा पुरावा ठाऊक आहे : पुढचा दिवा गेला की मागचाही लगेच जातो. अर्ध्या अँपिअरपैकी पुढचा 2.4 वॅटचा दिवा 0.4 घेतो, मागचा 0.6 वॅटचा 0.1. पुढचा गेला की सगळी धारा बिचाऱ्या मागच्यावर येते. इतका सुंदर प्रयोग प्रदर्शनात आम्हाला अजून दिसलेला नाही.

मोबाइलचे म्हणाल, तर त्याला स्थिर 5 व्होल्ट एकदिश दाब लागतो. चढावर चार्जिंग सारखे तुटते-जुळते. मध्ये पॉवर बँक ठेवली तर तुटणे थांबते; पण 10,000 मिलिअँपिअर-तास म्हणजे 3.7 व्होल्टला 37 वॅट-तास. ती 3 वॅटच्या डायनॅमोने भरायला, वाया जाणारी वीज धरून, पंधरा तास तरी पेडल मारायचे. आम्ही ती मुक्कामाच्या खोलीतल्या प्लगवर भरतो.

डायनॅमोला खरा हात दिला तो एलईडीने. जुना 3 वॅटचा बल्ब जेमतेम तीसेक ल्युमेन देई. एक वॅटचा चांगला एलईडी शंभराच्या आसपास देतो. त्यामुळे घाटातल्या क्षीण धारेतही रस्ता दिसतो आणि मोठा धारित्र जोडला तर सायकल थांबल्यावरही मागचा दिवा काही मिनिटे जळतो.

प्रतिकृती खुशाल ठेवावी. पाटी काढावी आणि दिव्याच्या मंडलात एकसरीत एक ओहमचा रोध घालून त्यावरचा प्रत्यावर्ती दाब मल्टिमीटरने मोजावा. जितके व्होल्ट, तितके अँपिअर. मग दिवा काढून आणि लावून, त्याच मुलाला दोन्ही वेळा पाच-पाच मिनिटे पेडल मारू द्यावे.