‘डावलणे’ आणि ‘अवलंब न करणे’ : खरेदीविषयक शिस्तभंगाच्या भाषेची चिकित्सा

एखाद्या शासकीय कार्यालयाने निविदा न मागविता पुरवठादाराकडून माल घेतला, की त्या एकाच घटनेची मराठीत दोन वाक्ये होतात. वर्तमानपत्र लिहिते, ‘निविदाप्रक्रिया डावलून खरेदी केली’. विभागीय चौकशीचा कागद लिहितो, ‘निविदाप्रक्रियेचा अवलंब न करता खरेदी करण्यात आली’. आशय एकच, शैली तेवढी निराळी, असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. ‘डावलणे’ या क्रियापदास कर्ता लागतो, आणि आपण काय बाजूस सारीत आहो याची जाणीव त्या कर्त्यास असावी लागते. नकळत कोणी काही डावलीत नाही. ‘अवलंब न करणे’ यात अशी जाणीव असेल वा नसेल. अज्ञान, घाई, विसर या सर्वांना त्यात सारखीच जागा आहे. शिस्तभंगाच्या कारवाईचे यशापयश पुष्कळ अंशी या दोन वाक्यांमधील अंतरावर अवलंबून असते.

हा प्रश्न केवळ शब्दांचा राहिलेला नाही, याचे कारण कायद्यात झालेला एक बदल होय. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम १३ मध्ये पूर्वी असे एक उपकलम होते, की लोकसेवकाने पदावर असताना कोणतेही लोकहित नसताना दुसऱ्या कोणास मौल्यवान वस्तू अथवा आर्थिक लाभ मिळवून दिला तर तो गुन्हा ठरावा. २०१८ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या चुकीच्या निर्णयालाही त्या तरतुदीमुळे गुन्ह्याचे रूप येते, हा तिच्यावरील आक्षेप निराधार नव्हता. तथापि परिणाम असा झाला, की लाचेचा किंवा अपहाराचा पुरावा हाती नसेल तेथे फौजदारी मार्ग बराच अरुंद झाला आणि स्पर्धात्मक निविदेस बगल देण्याच्या कृत्याचा भार बव्हंशी विभागीय शिस्तीवर येऊन पडला. म्हणून त्या शिस्तीची भाषा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्रात या शिस्तीचे आधारग्रंथ दोन : महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम आणि महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, दोन्ही १९७९ चे. दोषारोप ठेवताना सामान्यतः वर्तणूक नियमांतील नियम ३ पुढे केला जातो. कर्मचाऱ्याने सचोटी राखावी, कर्तव्यपरायण असावे, आपल्या पदास न शोभणारे वर्तन करू नये, अशी ही व्यापक वचने आहेत. व्यापक असल्यामुळे ती कोठेही लागू पडतात, आणि त्याच कारणाने बचाव पक्षास ती सहज निसटती करता येतात. १९७९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने जे. अहमद प्रकरणी कार्यक्षमतेचा अभाव आणि गैरवर्तन यांत भेद केला. केवळ अकार्यक्षमता म्हणजे गैरवर्तन नव्हे, असे त्या निर्णयाचे सार आहे. आता ‘अवलंब न करता’ हे वाक्य या निर्णयाशेजारी ठेवून पाहावे. ज्या दोषारोपाच्या वाक्यातच जाणिवेचा उल्लेख नाही, तो दोषारोप अकार्यक्षमतेच्या बाजूस किती सहज कलंडतो हे निराळे सांगावयास नको.

याहून सूक्ष्म गोष्ट ‘करण्यात आली’ या रचनेत आहे. मराठीच्या स्वाभाविक भूतकाळी कर्मणी प्रयोगात कर्ता नाहीसा होत नाही. ‘अधिकाऱ्याने खरेदी केली’ या वाक्यात तो तृतीयेत उभा असतो, आणि गाळला तरी श्रोता ‘कोणी?’ असे विचारतोच. ‘खरेदी करण्यात आली’ या वाक्यात मात्र कर्त्यासाठी जागाच ठेवलेली नसते. ‘अमुक अधिकाऱ्याकडून’ असे जोडता येते, पण ते ठिगळासारखे दिसते, आणि म्हणूनच बहुधा जोडले जात नाही. पेशवे दफ्तरातील आज्ञापत्रांची वळणे आठवावीत : आरंभी ज्यास पत्र त्याचे नाव, आणि पुढे ‘करणे’, ‘देणे’, ‘पाठविणे’ अशी थेट आज्ञा. त्या काळच्या कारभारात स्वच्छता अधिक होती, असा निष्कर्ष यावरून काढणे भोळेपणाचे होईल. परंतु कामाचा धनी कोण, हे वाक्यावरून कळत असे एवढे खरे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. शासन ही व्यक्ती नव्हे. तेव्हा त्याची भाषा निर्वैयक्तिक असणे हा दोष नसून नियम आहे, असे म्हणता येईल. संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचे आदेश राज्यपालांच्या नावाने निघतात. अनुच्छेद २९९ प्रमाणे करारही राज्यपालांच्या नावानेच होतात, आणि तो करार करणारा अधिकारी त्यासाठी वैयक्तिकरीत्या बांधील नसतो. आक्षेप योग्य आहे, परंतु त्याची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. ही निर्वैयक्तिकता बाहेरच्या जगासाठी आहे : पुरवठादाराने पैशांसाठी अधिकाऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून. तीच रचना कार्यालयाच्या अंतर्गत टिप्पणीत आणि तेथून दोषारोपपत्रात उतरते, तेव्हा तिचे प्रयोजन संपलेले असते आणि सवय तेवढी उरलेली असते.

या सवयीस काही शब्दांचे साहाय्य मिळते. ‘तातडी’ हा त्यांपैकी पहिला. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १६६ एकाच पुरवठादाराकडून निविदा मागविण्यास मोजक्या प्रसंगी मुभा देतो : उत्पादक एकच असणे, आणीबाणीचा प्रसंग असणे, अथवा जुन्या यंत्राशी जुळणारा भागच हवा असणे. आणीबाणीच्या प्रसंगी कारणे नोंदविण्याचे बंधनही आहे. टिप्पणीतील ‘तातडी’ मात्र पुराच्या वेळची तातडी आणि ३१ मार्चला अनुदान परत जाईल म्हणून उद्भवलेली तातडी यांत भेद करीत नाही. पहिली परिस्थितीने आणलेली असते, दुसरी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. मराठीत ‘निकड’, ‘घाई’, ‘लगबग’, ‘आणीबाणी’ असे भेद दाखविणारे शब्द असताना कार्यालयीन भाषेने एकच शब्द पत्करावा, हे दारिद्र्य भाषेचे खचित नव्हे.

दुसरा शब्द ‘कार्योत्तर मंजुरी’. यातील ‘कार्योत्तर’ हे संस्कृतात घडविलेले पद देखणे आहे आणि म्हणूनच फसवे. मंजुरी या कल्पनेतच पूर्वता अभिप्रेत आहे. ‘उत्तर’ जोडल्याने ती कल्पनाच उलटते, परंतु समासाच्या डौलामुळे विसंगती कानास खटकत नाही. ‘आधी घेतले, मग विचारले’ असे साध्या मराठीत लिहिले असते तर सही करणाऱ्याचा हात क्षणभर तरी थबकला असता. उलटपक्षी, खरेदीचे तुकडे पाडण्यासंबंधीचा नियम १५७ पाहावा. स्पर्धात्मक खरेदी किंवा वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे लहान भाग करू नयेत, असे तो सांगतो. येथे ‘टाळण्यासाठी’ या पदाने हेतू वाक्यात आला. नियमाचे हे धैर्य दोषारोपपत्रात क्वचितच टिकते; तेथे ‘टाळण्यासाठी’ जाऊन ‘परिणामी टळली’ येते.

कर्ता निश्चित करण्याचे काम अशक्य नाही, याचे उदाहरण मुंबईनेच घालून दिले आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोट रुपयांचे समभाग आपल्या गुंतवणूक समितीस विचारात न घेता विकत घेतले. ती वस्तूंची खरेदी नव्हती आणि निविदेचा प्रश्नही नव्हता. परंतु सार्वजनिक पैसा ठरलेल्या मार्गास वगळून खर्च होण्याचा प्रकार तोच. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५८ साली उघड्या सुनावणीत चौकशी केली आणि व्यवहार कोणी ठरविला, कोणास ठाऊक होता, कोणी थांबवू शकत असता, हा प्रश्न मधोमध ठेवला. सचिवाच्या कृतीची संविधानिक जबाबदारी मंत्र्यास झटकता येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विभागीय चौकशीस छागलांचा अधिकार नसतो, हे खरे. पण ‘कोणी’ हे सर्वनाम तिलाही उपलब्ध आहे.

ते वापरले न गेल्यास दोषारोप आपोआप खाली घसरतो. टिप्पणीवर पहिली आद्याक्षरी करणारा कनिष्ठ सापडतो, कारण त्याची अक्षरे कागदावर असतात. ज्याने दूरध्वनीवरून सांगितले त्याची नसतात. वरिष्ठांचा निदेश शक्य असेल तेथे लेखी घ्यावा, असा वर्तणूक नियमांचा दंडक आहे. ‘शक्य असेल तेथे’ या तीन शब्दांत कनिष्ठाचे सारे संकट साठविलेले आहे.

शेवटी शिक्षेकडे वळावे. शिस्त व अपील नियमांतील शिक्षांची मालिका ‘ठपका ठेवणे’ येथे सुरू होऊन ‘बडतर्फ करणे’ येथे संपते. एक शब्द देशी, दुसरा फारसीतून आलेला. मधल्या शिक्षांपैकी शासनाच्या आर्थिक हानीची वेतनातून वसुली ही खरेदीच्या प्रकरणी सर्वांत न्याय्य वाटते, आणि व्यवहारात तीच सर्वांत दुबळी ठरण्याजोगी आहे. कारण हानी दाखविण्यासाठी चौकशी अधिकाऱ्यास संकेतार्थी वाक्य लिहावे लागते : निविदा मागविली असती तर माल इतक्यास मिळाला असता. या वाक्याचा पूर्वार्ध घडलेलाच नसतो. म्हणून उत्तरार्धास पुरावा मिळणे कठीण. बाजारभावाचा दाखला जोडावा, तर परिमाण निराळे, काळ निराळा, गुणवत्ता निराळी, असे बचाव पक्ष सांगतो, आणि बहुधा खरेच सांगतो. ज्याने स्पर्धा होऊ दिली नाही, त्यालाच स्पर्धेच्या अभावाचा लाभ मिळतो. मग हानी सिद्ध झाली नाही म्हणून प्रकरण ‘प्रक्रियात्मक त्रुटी’ या सदरात जाते आणि ठपक्यावर मिटते. हानीचा आकडा शोधीत न बसता, इतर पुरवठादारांस दर सांगण्याची संधी जाणूनबुजून नाकारली, एवढाच दोषारोप कर्तरी वाक्यात आणि नावानिशी मांडला, तर त्यास संकेतार्थाची गरज पडत नाही. तेथे सिद्ध करावयाची गोष्ट घडून गेलेली असते आणि तिचा कागद कार्यालयातच असतो.