धृपदाविना गाजलेलं गाणं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा आर.ई.एम. हा बँड १९८० पासून वाजवत होता. कॉलेजच्या रेडिओंनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, एकदोन गाणी अमेरिकेत चांगली चाललीही होती. पण जगभर नाव झालं ते १९९१ च्या ‘लूझिंग माय रिलिजन’मुळे.

गिटारवादक पीटर बकने नुकतंच मेंडोलिन घेतलं होतं. टीव्ही बघत, टेप चालू ठेवून तो हात बसवत होता. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली, तर त्या शिकाऊ खटपटीतच ही धून निघाली. म्हणूनच की काय, तिच्यात वादकाची ऐट नाही. तेच चार-सहा स्वर हट्टाने घोळत राहतात. खाली माइक मिल्सचा बास मात्र शांतपणे, पक्क्या पावलांनी चालतो. मला तर गाण्याचा खरा आधार तोच वाटतो.

नावावरून अनेकांना हे धर्मावरचं गाणं वाटलं. अमेरिकेच्या दक्षिणेत हा वाक्प्रचार संयम सुटण्यासाठी वापरतात. इथे विषय आहे एकतर्फी प्रेमाचा. गायक मायकल स्टाइप बोलून जातो, लगेच धास्तावतो की आपण जास्त बोललो, आणि मग पुरेसं बोललो नाही म्हणूनही चुटपुटतो. समोरच्याचं हसणंसुद्धा त्याला खरंच ऐकू आलं की नुसता भास, हे ठरत नाही. अशा माणसाला गळा मोकळा करून गाता येईल असं धृपद देणं खोटं ठरलं असतं. बँडने ते दिलंच नाही. कडव्यामागून कडवं येतं, ताण वाढतो, मोकळं व्हायची जागा काही येत नाही. धृपद नाही, वर मेंडोलिन पुढे. हे अल्बमचं पहिलं सिंगल म्हणून काढायला रेकॉर्ड कंपनी कचरली, यात नवल नाही. तरी ते बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

व्हिडिओ केला जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगने. गार्सिया मार्केसच्या कथेतला पंखवाला म्हातारा, काराव्हाज्योच्या चित्रांतला उजेड, आपल्याकडच्या देवांच्या तसबिरी, सगळं त्यात आहे. थोडं जास्तच आहे. त्या सजावटीपेक्षा स्टाइपचं हातपाय झाडत केलेलं ओबडधोबड नाचणं मला जवळचं वाटतं. गाण्यात त्याला न मिळालेलं धृपद तो तिथे अंगाने वसूल करतो.