'मुसाफिर' : राजीनाम्याआधीची शिदोरी

मराठी आत्मचरित्रांत नोकरी सोडण्याचा प्रसंग मोठ्या मानाने लिहिला जातो. त्यागाला आपल्याकडे जुनी प्रतिष्ठा आहे आणि राजीनामा हा सुशिक्षितांचा त्याग आहे. मात्र त्या राजीनाम्याआधीची दहा-वीस वर्षे आणि त्यानंतर येणारी पहिली एक तारीख यांविषयी आपले साहित्य फारसे बोलत नाही. अच्युत गोडबोले यांचे 'मुसाफिर' (२०१२) हे आत्मचरित्र या दृष्टीने पुन्हा एकदा वाचले जावे, असे आम्हांस वाटते.

कथानक सर्वांना ठाऊक आहे. सोलापूरचा हा हुशार मुलगा १९७२ साली मुंबईच्या आयआयटीतून केमिकल इंजिनीअर होतो. शहाद्याच्या आदिवासी चळवळीत जातो, तुरुंगही पाहतो. पुढे संगणकाच्या क्षेत्रात शिरून पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांच्या प्रमुखपदांपर्यंत पोहोचतो. एवढ्यावर कोणतेही मध्यमवर्गीय घर कृतार्थ झाले असते. पण हा माणूस पद आणि पगार मागे ठेवून मराठीत लिहायला बसतो. विज्ञानावर 'किमयागार', अर्थशास्त्रावर 'अर्थात', मानसशास्त्रावर 'मनात' अशी जाडजूड पुस्तके तो सामान्य वाचकाच्या हाती देतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे या पुस्तकाच्या नावापाशी थोडे रेंगाळलो. मुसाफिर म्हणजे सफर करणारा. सफर हा शब्द ज्या अरबी धातूचा आहे, त्याचा एक अर्थ 'उघड होणे' असाही आहे. सफरीत माणसाचा खरा स्वभाव उघडा पडतो म्हणून तिला सफर म्हणतात, असे जुने कोशकार सांगत. मुसाफिराबरोबर आणखी एक शब्द येतो, तोशा. मराठीत आपण त्याला शिदोरी म्हणतो. मुसाफिराची पारख करायची तर त्याने काय सोडले यापेक्षा निघताना त्याच्या गाठोड्यात काय होते, हे पाहावे लागते.

या कसोटीवर पुस्तक उतरते आणि तेच त्याचे खरे बळ आहे. साहित्य, संगीत, समाजाविषयीचे प्रश्न ही शिदोरी लेखकाने विद्यार्थिदशेपासून बांधली होती. कंपन्यांच्या धबडग्यातही ती त्याने सुटू दिली नाही. 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' हे त्याचे इंग्रजी पाठ्यपुस्तक नोकरीच्या काळातलेच. अवघड विषय सोपा करून सांगण्याचा हात तिथेच तयार झाला. म्हणजे चांगले काम राजीनाम्यानंतर सापडले असे नाही. ते आधीपासून चालू होते, राजीनाम्याने त्याला फक्त दिवसाचे तास मिळाले.

पुस्तकात उणिवाही आहेत. ग्रंथांची, विचारवंतांची, रागांची, माणसांची नावे एकामागून एक येतात आणि वाचकाला धाप लागते. मनातली घालमेल जिथे सावकाश उलगडायला हवी, तिथे लेखणी पुढच्या नावाकडे धावते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा मुसाफिर शिखरावरून उतरलेला आहे. त्याचे वाचक मात्र पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचे असतात. यात लेखकाचा दोष नाही, पण वाचकाने हे विसरू नये.

हे आम्ही लिहितो त्याला कारण आहे. माहीमकडची आमची काही माजी मुले आज संगणकाच्या कंपन्यांत आहेत. रविवारी संध्याकाळी ती शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जमतात, कधी आम्हांलाही बोलावतात. आठवडाभर अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे जागून डोळे लाल झालेले असतात. आपण केलेल्या कामाचे पुढे काय होते हे ठाऊक नसते. त्यांतल्या एकाला उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी गणिताची सोपी पुस्तके लिहायची आहेत. घराण्यातला तो पहिला इंजिनीअर. घराचे हप्ते आणि धाकट्या बहिणीची फी त्याच्या पगारातून जाते. 'मुसाफिर' वाचून तो म्हणाला, "सर, गोडबोल्यांनी सोडली, मग मी का नको?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. गणित सोपे करून सांगणारा माणूस आमच्या मुलांना हवाच आहे. पण त्याचे उत्तर आम्हांला पुस्तकाच्या शेवटी मिळत नाही. ते मधल्या भागात आहे, जिथे नोकरी आणि अभ्यास हातात हात घालून चालतात.

त्या कट्ट्यासमोरच्याच मैदानावर आणखी एक दाखला आहे. रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत नोकरी करत आणि त्याच काळात या मैदानावर मुलांना क्रिकेट शिकवत. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी इथेच घडले. आचरेकरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. बँकेने त्यांचे घर चालवले, मैदानाने त्यांचे जगणे. अशा माणसाच्या चरित्रात राजीनाम्याचा नाट्यमय प्रसंग नसतो, म्हणून ते कमी धाडसाचे ठरत नाही.

तेव्हा 'मुसाफिर' जरूर वाचावे, तरुणांच्या हाती जरूर द्यावे. पण राजीनाम्याची प्रेरणा म्हणून देऊ नये, शिदोरी कशी बांधावी याचा पाठ म्हणून द्यावे. गणिताच्या त्या मुलाने तूर्त नोकरी ठेवली आहे. पहिल्या पुस्तकाची दोन प्रकरणे त्याने लिहून आणली आहेत आणि आम्ही ती वर्गात शिकवून पाहत आहोत. पुढे कधी त्याने आपली हकिकत लिहिली, तर तीत घरखर्चाचा हिशेबही यावा. हप्ते कसे फिटले, घरात कोण रुसले, पहिली एक तारीख कशी गेली, हे सगळे यावे. ज्यांच्या मागे शिखर नाही, फक्त घर आहे, अशा मुसाफिरांचे आत्मचरित्र आम्हांला मराठीत वाचायचे आहे.