वंश, जनुक आणि गुणाचे नाव

उंदरांच्या अंतःप्रजनित वंशांवरून वर्तनावर परिणाम करणारी जनुके शोधण्याच्या पद्धतीची परीक्षा क्रॅब, वॉल्स्टेन व ड्यूडेक यांनी १९९९ साली ‘सायन्स’मधील आपल्या निबंधात केली. सख्ख्या भावाबहिणींचा संकर किमान वीस पिढ्या चालविला असता वंशातील सर्व उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकरूप होतात. मग समान परिस्थितीत वाढविलेल्या दोन वंशांच्या वर्तनात जो भेद आढळेल त्याचे मूळ जनुकांत शोधावयाचे, ही या पद्धतीची बैठक. निबंधकर्त्यांनी आल्बनी, एडमंटन व पोर्टलंड येथे उपकरणे, वय, आहार ही शक्य तितकी समान ठेवून सहा कसोट्या घेतल्या. वंशभेद दिसलेच, परंतु काही कसोट्यांत ते स्थळागणिक बदलले.

हा निबंध ‘जनुके की परिस्थिती’ या जुन्या वादातील आणखी एक साक्ष म्हणून वाचणे अपुरे होय. त्यातील खरा प्रश्न नामकरणाचा आहे. मद्यार्कमिश्रित पाण्याच्या पसंतीतील वंशभेद तिन्ही ठिकाणी टिकले. उंचावर बसविलेल्या, दोन भुजा उघड्या व दोन भिंतींनी बंदिस्त अशा फुलीच्या आकाराच्या मार्गिकेवरील भेद तसे टिकले नाहीत. पहिल्या कसोटीत मोजले ते पिणे आणि नावही पिण्याचेच. दुसरीत मोजले ते उघड्या भुजांवर घालविलेले सेकंद. नाव मात्र ‘चिंता’. (उंदराची साक्ष काढण्याची सोय अर्थातच नाही.)

तथापि ‘पसंती’ हा शब्दही वाटतो तितका निरुपद्रवी नव्हे. सी५७ वंशाचे उंदीर मद्यार्क आवडीने पितात व डीबीए वंशाचे टाळतात, हे मॅक्लर्न व रॉजर्स यांनी १९५९ सालीच दाखविले होते. पुढे १९९२ साली कनिंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यार्क टोचून दिला, तेव्हा ज्या पृष्ठभागावर त्याचा अनुभव आला त्याकडे ओढले गेले ते डीबीए उंदीर, सी५७ नव्हेत! तोंडाने जो नाकारतो त्यालाच मद्यार्काचा परिणाम हवासा वाटतो, असे म्हणावयाचे काय? तसे असल्यास एका शब्दाखाली चवीचे जनुक आणि सुखाचे जनुक अशी दोन निराळी संशोधने एकत्र नांदत आहेत. एकाच प्रयोगशाळेच्या निष्कर्षावर विसंबू नये, हा निबंधकर्त्यांचा इशारा रास्तच आहे; पण दहा प्रयोगशाळांनी तेच सेकंद मोजून त्यांना ‘चिंता’ म्हटले, तरी ही अडचण जागची हलत नाही.